हस्ते गौतमी वानखेडे

"आंटी, दशरथ तायडेंना बक्षीस मिळालंय ना, ते इथेच देणार आहेत?"

मी शिडीवर उभी होते. तोंडाला पदर बांधून चौथ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातली वाळू झटकत होते. जयपुरात पुस्तकांवर धूळ कमी आणि वाळूच जास्त बसते, आणि संध्याकाळी वार्षिक सभा होती. दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. खांद्याला बॅग, हातात कोट्याच्या कचोऱ्यांचा पुडा.

"कुणाला?" मी विचारलं.

"दशरथ तायडे. माझे पापा. मेंबर नंबर एकशे सतरा." तिने पर्समधून पिवळं पडलेलं कार्ड काढून दाखवलं. "मी अपूर्वा. लहानपणी येत होती मी इथे. तुम्ही गौतमी आंटी ना?"

"हो. बाबा नाही आले?"

"पापा तर नाही राहिले, आंटी. बावीसच्या ऑगस्टमध्ये गेले. अटॅक आला होता."

शिडीच्या चार पायऱ्या मी कशा उतरले ते मला आठवत नाही. दशरथ तायडेंनी मागच्याच गुरुवारी आमच्याकडून हिमालयातल्या पायी प्रवासावरचं एक जाडजूड पुस्तक नेलं होतं. म्हणजे माझ्या वहीत नेलं होतं.

हे कळायचं तर आधी वहीचं सांगायला हवं.

खातीपुऱ्याच्या या मराठी वाचनालयाची मी बत्तीस वर्षं मानद ग्रंथपाल आहे. मानद म्हणजे काम सगळं आणि खुर्ची मोडकी. वडील रेल्वेत होते, बदली होऊन बडनेऱ्याहून जयपूरला आले, तेव्हा मी वीस वर्षांची होते. मुरलीपुऱ्यात दोन खोल्यांचं घर झालं, आईवडील त्यातच म्हातारे झाले, त्यांचं करता करता माझं लग्न राहून गेलं. सकाळी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी आणि संध्याकाळी मराठी मंडळाचं वाचनालय, असं आयुष्य गेलं. शिवाय कुणी मराठी माणूस दवाखान्यात असला की त्याच्या उशाशी बसायचं, कुणाचा अर्ज भरून द्यायचा, कुणाच्या म्हातारीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. त्याला मंडळात समाजसेवा म्हणतात. कार्यकारिणीत माझं नाव कधी आलं नाही. आभारप्रदर्शनात मात्र दरवर्षी असतं.

आजारी माणसांना, बाळंतिणींना पुस्तक घरपोच द्यायची पद्धत मीच पाडली. दर गुरुवारी कापडी पिशवीत आठ-दहा पुस्तकं घालून मी घरोघर जायची. देवघेवीच्या वहीत सहीचा रकाना असतो. सभासद स्वतः आला तर त्याची सही, नाही तर पुस्तक नेणाऱ्याने 'हस्ते' म्हणून आपली आद्याक्षरं घालायची. ह. गौ. वा. या तीन अक्षरांवर सगळ्यांचा विश्वास होता, आणि तो खोटा नव्हता. निदान तेव्हा नव्हता.

मग करोना आला आणि गेला. एकवीस साली वाचनालय पुन्हा उघडलं, तेव्हा महिनाभरात सहा पुस्तकं बाहेर गेली. त्यातली दोन माझीच. मंडळाच्या बैठकीत वाचनालयाचा हॉल कोचिंग क्लासला देऊन टाकायची गोष्ट निघाली. मी तिथेच चहा देत होते, कुणी मला विचारलंही नाही. पाच हजार पुस्तकं कुठे जाणार, तर म्हणे रद्दीवाला चांगला आहे ओळखीचा. त्या क्षणी मला जो राग आला तो आयुष्यात कशाचाच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वही उघडली आणि बदली होऊन गेलेल्या सभासदांची नावं काढली. रेल्वेची माणसं बदलीच्या वेळी सामानातला चमचान् चमचा मोजून नेतात, वाचनालयाचं सभासदत्व रद्द करायचं मात्र विसरतात. अशी एकेचाळीस नावं निघाली. त्यांच्या नावावर मी पुस्तकं चढवायला लागले. पुस्तक कपाटातून काढायचं, मागच्या पट्टीवर तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची, पुढे ह. गौ. वा., आणि पुस्तक परत कपाटात. पंधरा दिवसांच्या आत जमा. सगळं नियमाप्रमाणे, कुणाला एक दिवसाचाही उशीर नाही.

आणि प्रत्येकाची आवड मी सांभाळायची. अजमेरला गेलेल्या एका बाईंना रहस्यकथाच लागायच्या, तर त्यांना रहस्यकथाच. दशरथ तायडेंना प्रवासवर्णनं. ते मालगाडीचे गार्ड होते, आयुष्यभर शेवटच्या डब्यातून मागे पळणारं जग पाहिलेला माणूस. सतरा साली त्यांची कोट्याला बदली झाली. ट्रक भरत असताना हातातलं पुस्तक परत द्यायला ते धावत आले होते. त्यांना मी सगळ्यात जास्त पुस्तकं दिली. खरं सांगायचं तर ती देताना मला आनंद व्हायचा.

एकच गोष्ट मी पाळली होती. मेलेल्या माणसाच्या नावावर पुस्तक चढवायचं नाही. कुणी वारल्याचं कळलं की मी त्या नावावर तांबडी रेघ मारायची. तेवढी लाज आपल्यात शिल्लक आहे, असं मी मनाला सांगत होते.

आकडा वाढला, वाचनालय वाचलं, आणि मी अडकले. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. बडनेऱ्याला माझी धाकटी बहीण सुलोचना एकटी पडली आहे. तिने माझ्यासाठी वरच्या मजल्यावर खोली बांधली, खिडकीसमोर कडुनिंब आहे म्हणाली. वर्षभर ती बोलावते आहे आणि मी आज-उद्या करते आहे. कारण वाचनालय सोडायचं म्हणजे ही वही दुसऱ्याच्या हाती द्यायची, आणि नवा माणूस पहिल्याच आठवड्यात विचारणार की बाई, हे वाचक आहेत कुठे? कुलूप घालून निघून जायला मला कुणी अडवलं नव्हतं. माझ्याच अक्षरांनी अडवलं होतं. शेवटी या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढलं आणि ठरवलं, वार्षिक सभेच्या दिवशी अध्यक्षांना स्पष्ट सांगायचं की मला मोकळं करा. ती सभा आज होती.

"बस ना," मी अपूर्वाला म्हटलं. "तुला बक्षिसाचं कुणी कळवलं?"

"पापांच्या फोनवर मेसेज आला. मम्मी त्यांचा फोन अजून रोज चार्ज करते, आंटी. विनया मॅडमचा मेसेज होता, या वर्षीचे उत्कृष्ट वाचक म्हणून." तिने कचोऱ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "मी मम्मीला म्हटलं, काहीतरी जुनं असेल, मतलब सगळ्या पुराण्या लोकांचा सत्कार वगैरे. मम्मी इतकी रडली. पण खूश होती. म्हणाली, बघ, जयपूरवाले विसरले नाहीत त्यांना. भुसावळपर्यंत सगळ्यांना फोन केले तिने."

विनया म्हणजे आमची नवी चिटणीस. एका डॉक्टरांची बायको, भारी उत्साही. महिन्यापूर्वी तिने माझी वही घरी नेली आणि सगळी नावं संगणकात घातली. "ताई, आपण बेस्ट रीडर अवॉर्ड ठेवू या ना," असं ती म्हणाली, तेव्हा मी हसून मान हलवली होती. ती ते खरंच करेल, आणि परस्पर मेसेजही पाठवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"आंटी, मला पापांची सही बघायची आहे," अपूर्वा म्हणाली. "त्या रजिस्टरमध्ये असेल ना? आणि त्यांनी लास्ट पुस्तक कुठलं वाचलं ते पण. फोटो काढून मम्मीला दाखवीन."

मी जुनी वही काढायला उठले. सतरा सालची. तिच्यात त्यांची खरी सही होती, तिरकी, शेवटी टिंब देणारी. पण टेबलावर चालू वही उघडीच होती, आणि पोरीने ती स्वतःकडे ओढली. ओळीवर बोट ठेवून ती एकेक अक्षर लावत होती. हिंदीच्या शाळेत शिकलेली पोरं मराठी अशीच वाचतात.

"दशरथ तायडे," ती म्हणाली. मग पान उलटलं. "हे पण. हे पण पापाच आहेत." बोट तारखेच्या रकान्यात गेलं आणि तिथेच राहिलं.

मी जुनी वही हातात धरून उभी होते.

"हे ह. गौ. वा. काय आहे, आंटी?"

"हस्ते गौतमी वानखेडे. मी घरी नेऊन दिलं की तसं लिहिते."

"कोट्याला नेऊन दिलं?"

तिने हे चिडून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. चार वर्षांत हजार वेळा मी मनात याची उत्तरं तयार केली होती, चूक झाली असेल, नाव चुकलं असेल, दुसरे तायडे असतील.

"नाही गं," मी म्हटलं. "कुणालाच दिलं नाही. पुस्तकं इथेच होती." आणि मग मी खाली बसून तिला सगळं सांगितलं. कोचिंग क्लासचं, रद्दीवाल्याचं, एकेचाळीस नावांचं. "ते गेल्याचं मला कळलं नाही. कळलं असतं तर मी त्यांच्या नावाला हात लावला नसता. एवढं खरं मान."

तिने वही पुन्हा उघडली आणि बोट ठेवून पुस्तकांची नावं वाचायला लागली. हिमालय, नर्मदेकाठचा प्रवास, आफ्रिका, बर्फाचा प्रदेश. सत्तावीस पुस्तकं होती, नुसत्या गेल्या वर्षातली.

"त्यांना आवडली असती सगळी," ती म्हणाली. "कोट्यात त्यांना मराठी पुस्तकच नाही मिळायचं. कार्ड पाकिटात ठेवत होते. म्हणायचे, रिटायर झालो की जयपूरला जाऊ, गौतमीबाई पुस्तक काढून ठेवतील." तिने डोळे पुसले. "मम्मीला काय सांगू मी आता?"

"तू म्हणशील ते मी करेन. सभेत उभी राहून सांगते."

"नको. मम्मीने सगळ्यांना सांगितलंय." तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली. "मी बक्षीस घेऊन जाईन. पण यानंतर पापांना राहू द्या, आंटी. मतलब, त्यांना आता सोडा."

माझ्याकडे कुणी असं मागणं मागितलं नव्हतं. लोक पुस्तक मागतात, सोबत मागतात, अर्ज भरून मागतात. ही पोर बापाला सोडा म्हणत होती, आणि त्याला धरून ठेवलं होतं ते मी.

चार वाजता अध्यक्ष चंद्रकांत पुरंदरे आले. निवृत्त प्राध्यापक, बोलणं मऊ, कुर्त्याला इस्त्री. खुर्च्या मांडायचं काम चालू होतं, म्हणून मी त्यांना कपाटांच्या मागे नेलं. दशरथ तायडे गेले हे सांगितलं, वही खोटी आहे हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "सर, माझं अठ्ठावीसचं तिकीट आहे. आता मला मोकळं करा."

ते दचकतील, ओरडतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"गौतमीताई, मला ठाऊक नाही असं वाटत होतं का तुम्हाला?" ते म्हणाले. "अहो, मी इथे रोज संध्याकाळी फिरायला येतो. दिव्याखाली तुम्ही एकट्या बसलेल्या दिसता. वहीत मात्र दिवसाला तीन-तीन वाचक. मला बेरीज येते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कशाला बोलायचं? ही जागा इथल्या हाउसिंग सोसायटीने वाचनालयासाठी म्हणून दिलेली आहे. दर तिमाहीला वाचकांचा आकडा कळवावा लागतो. आकडा आहे तोवर हा हॉल आपला. गणपती, हळदीकुंकू, मुलांचे वाढदिवस, सगळं इथेच होतं ना? तेव्हा ती कोचिंगवाली चर्चा चुकीचीच होती, नंतर आमच्या लक्षात आलं. तुम्ही मंडळावर उपकार केलेत."

"पण आता मी जातेय, सर."

"असं घाईनं काही करू नका. नवीन माणूस येणार, तो खरंखोटं करत बसणार, प्रकरण सोसायटीपर्यंत जाणार. मग विचारलं जाईल की हे लिहिलं कुणी." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अक्षर सगळं तुमचंच आहे ना. मी तुमच्याच काळजीने सांगतोय."

चार वर्षं मी जे लपवून ठेवलं होतं, ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. मला वाटत होतं की मी या लोकांना फसवते आहे. फसवून घ्यायला ते आरामात मांडी घालून बसले होते, आणि माझ्या दाराची कडी त्यांनी बाहेरून लावलेली होती. मला रडू यायला हवं होतं. आली ती शिसारी, आणि त्यात माझी स्वतःचीही होतीच.

सभेला साठेक माणसं आली. अहवालवाचन झालं. विनयाने पडद्यावर रंगीत आकडे दाखवले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी दोघांनी त्या वर्षात पुस्तक नेलं होतं. मग अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं, खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइकवर सांगितलं की गौतमीताईंनी आणखी तीन वर्षं ही धुरा वाहायचं मान्य केलं आहे. पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेतल्या एक आजी उठून माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या. तीन वर्षांनी मी बासष्टची होईन.

"आणि या वर्षीचे उत्कृष्ट वाचक, श्री. दशरथ तायडे," विनया उत्साहाने म्हणाली. "त्यांच्या वतीने त्यांची मुलगी आली आहे."

अपूर्वा उठली. मागून कुणीतरी जुन्या ओळखीचा माणूस म्हणाला, "अरे, तायडे स्वतः का नाही आला?"

अध्यक्षांना मी दीड तासापूर्वी सांगितलं होतं. विनयाच्या हातातला माइक घेऊन ते म्हणाले, "तब्येतीच्या कारणाने येऊ शकले नाहीत. त्यांना आपण सगळे शुभेच्छा देऊ या."

सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. अपूर्वा स्टेजच्या पायरीवर थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी उठायला हवं होतं. उठून एवढंच म्हणायला हवं होतं की तायडे वारले, तीन वर्षं होत आली. मी उठले नाही. शाल खांद्यांवर होती, नारळ मांडीवर होता, आणि मी मान खाली घालून बसून राहिले. हे मी माझ्याविरुद्ध सांगते आहे.

लोक पोह्यांकडे वळले तेव्हा अपूर्वा बॅग घेऊन माझ्याकडे आली. तिची परतीची गाडी सात वाजताची होती. बक्षिसाचा कागद गुंडाळून तिने हातात धरला होता. दुसऱ्या हातातलं पिवळं कार्ड तिने माझ्यासमोर ठेवलं.

"हे ठेवा, आंटी. जमा करून घ्या."

"घेते. एक मिनिट थांबतेस?" मी विचारलं. पण ऑटो बाहेर उभा होता. ती गेली.

हॉल रिकामा झाल्यावर मी सुलोचनाला फोन लावला. तिला मी दुपारी संदेश पाठवला होता की आज ठरेल.

"मंग काय झालं वं?" तिने विचारलं. "येऊन राह्यली का नाही?"

"तीन वर्षं वाढवून दिली मला. शाल घातली."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"शालीले काय चाटाचं हाय का?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "हे पाय बाई, माह्याच्यानं आता एकटं नाही होत. जिल्हा परिषदेतली एक मास्तरीण खोली मागून राह्यली. मी तिले सांगतलं होतं, बहिणीचं ठरू दे. आता हो म्हणून देऊ का?"

समोरच्या कपाटाच्या काचेत माझी शाल दिसत होती, जांभळी, काठाला जरी.

"दे," मी म्हटलं. "चांगली असेल तर दे. कडुनिंब तोडू नको म्हणावं."

"तो कायले तोडते कोणी," सुलोचना म्हणाली. तिने फोन ठेवला.

मी खुर्च्या एकावर एक लावल्या. पोह्यांची पातेली बाजूला केली. मग टेबलाशी बसून वही उघडली. एकशे सतराच्या पुढे हिमालयाचं पुस्तक जमा केलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, सभासद मयत, ऑगस्ट २०२२, कार्ड जमा. तांबड्या पेनने नावावर रेघ मारली, पट्टी लावून, सरळ. उरलेल्या चाळीस जणांची पुस्तकं एकेक करून जमा केली. त्यातलं कोण आज आहे आणि कोण नाही, मला काय माहीत होतं? हाताला कळ लागली, पण थांबले नाही.

मग खाली आजची तारीख घातली. रविवार. त्यापुढे लिहिलं, आज एकही पुस्तक गेलं नाही. उद्याही हेच लिहायचं आणि परवाही. तिमाही संपेल तेव्हा अध्यक्षांनी बेरीज करावी, त्यांना ती येते.

सहीच्या रकान्यात हात सवयीने 'ह' काढायला लागला. मी तो खोडला आणि पूर्ण नाव लिहिलं. गौतमी किसन वानखेडे. अक्षर माझंच होतं, सुटं आणि ठळक, बोट ठेवून वाचणाऱ्यालाही लागेल असं.